शून्यापासून चार बोटं वर

चियातुराच्या डोंगरात मँगनीज
आणि मँगनीजवर सगळ्या गावाचं पोट.
दर तीन महिन्यांनी मी नाझिब्रोलाकडे जाते,
काखेत घरखर्चाच्या सरकारी पाहणीची निळी वही.
पाचवा मजला, लिफ्ट बंद,
जिन्यात कुणाच्या तरी घरचा राजमा शिजल्याचा वास.

पहिल्या खेपेला ओतारचा पगार होता.
तिनं सगळं टिपून ठेवलेलं, पेन्सिलीनं, तिरप्या अक्षरांत:
मक्याचं पीठ, चीज, वीज,
एलिसोच्या पियानोची शिकवणी,
आणि शेवटी नुसतंच ‘इतर, अठरा लारी’.
इतर म्हणजे?
नवऱ्याकडे न बघता म्हणाली,
“लिपस्टिक. एकच. पण चांगली.”

मग खाणीत पगार वाढला, शंभर लारींनी.
प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर एक रेघ काढली होती:
मिळकत वाढली की खर्च वाढतो,
पण तितका नाही,
थोडं गाठीला राहतं.
इथे शंभरातले सत्त्याण्णव गेले.
ओतारची दाढ, गॅसचं तुंबलेलं बिल,
एलिसोचे बूट,
जे गेल्या हिवाळ्यापासून ताटकळत होते.
उरलेले तीन तिनं मला दाखवले,
बरणीत, अक्रोडांच्या खाली.

नदीपलीकडे इंजिनिअर शोताकडेही
त्याच महिन्यात शंभर वाढले होते.
बायको बराच वेळ आठवत राहिली.
“असतील खात्यातच,” म्हणाली,
आणि खिडकी लावून घेतली, वारा होता म्हणून.

तिसऱ्या खेपेला खाण बंद.
मिळकतीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं,
नेहमीपेक्षा जरा लहान.
आता खर्चाचं काय विचारायचं,
म्हणून पेनाचं टोपण लावत होते
तर ती म्हणाली, “लिही ना.
पीठ. मीठ. काड्यापेटी. वीज, एका खोलीची.”

तेव्हा फळ्यावरची ती रेघ आठवली.
ती शून्यापासून निघतच नाही.
मिळकत शून्य असली तरी
ती चार बोटं वर असते.
“हा स्थिरांक,” सर म्हणाले होते, “पुढे चला.”
आम्ही पुढे गेलो.
त्या चार बोटांच्या जागेत कोण राहतं
हे वर्गात कुणी विचारलं नाही.

तिथे दोदोच्या दुकानातली उधारीची वही राहते,
नाझिब्रोलाचं पान भरून पुढच्या पानावर गेलेली.
सासूचं पेन्शन राहतं,
गहाणवटीच्या दुकानात काचेआड दोन कर्णफुलं,
आणि पियानोची बाई, जी म्हणते, पैशांचं नंतर बघू,
पण मुलीचा हात मोडू नको.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण अंथरूणच कुणी ओढून नेलं
तर पाय काय कापून ठेवायचे?

खाली उतरताना दोदो भेटली.
सॉसेज मागवणं तिनं थांबवलं होतं,
सॉसेजवाल्यानं म्हणे गाडी विकायला काढली.
हे कुठल्या रकान्यात भरायचं, मला माहीत नव्हतं.
माझी पाहणी दाराच्या आतली.

पाहणीत भाग घेणाऱ्या घराला सरकार दहा लारी देतं.
मी सही घेऊन देऊन आले होते.
चौथ्या खेपेला मिळकतीच्या रकान्यात
तेवढेच होते, माझेच, दहा.
खर्चाचं पान उघडलं:
कॉफी, बारकं पाकीट.
साखर.
द्राक्षरसातली अक्रोडाची माळ, एक.
समोर तोच कप वाफाळत होता,
बशीत माळेचे पातळ काप,
आणि ती काडेपेटीतल्या काडीनं
नळीच्या तळातली लिपस्टिक खरवडून
ओठांना लावत होती.

“पाहुणी येणार होती,” ती म्हणाली.
मी ‘इतर’ असं लिहिलं.
मग खोडलं,
आणि एकेक वस्तू पुन्हा नीट लिहून काढली.
तोवर कॉफी निवली होती.
मी सगळी प्यायले.